डिप्लोमावाले

दहावीचा निकाल लागला की आमच्या नालासोपाऱ्यात घराघरांत एकच हिशेब चाले. पोरगं फारच हुशार निघालं तर सायन्स. बेताचं असेल तर कॉमर्स, आणि कॉमर्सनंतर अंधेरी ते चर्चगेटच्या दरम्यान कुठेतरी एक खुर्ची. या दोन्हींच्या मधे तिसरं दार होतं, डिप्लोमाचं. त्या दारातून जाणारी घरं लांबून ओळखू यायची. गणितात बरे मार्क, घरात एकच पगार आणि पाठीवर धाकटी भावंडं. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनियरिंगची चार, म्हणजे सहा वर्षं पोराला नुसतं पोसायचं. डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांत उरकतो, एकोणिसाव्या वर्षी पोरगा हाताशी येतो. बारावीच्या क्लासची फी वाचते ती वेगळीच.

मी १९९४ मध्ये याच हिशेबाने मेकॅनिकलला लागलो. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या मंडळाला बीटीई म्हणत. १९६३ पासूनचं हे मंडळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्वायत्त झालं आणि त्याचं एमएसबीटीई झालं. अभ्यासक्रम तेव्हापासून कितीतरी वेळा बदलला. २०१७ मध्ये आय स्कीम आली, २०२३ मध्ये के स्कीम. बाहेरच्याला ही अक्षरं म्हणजे गौडबंगाल, पण डिप्लोमावाल्याला दुसरा डिप्लोमावाला भेटला की पहिला प्रश्न हाच असतो, तू कुठल्या स्कीमचा? त्यावरून वय कळतं.

बाबा लालबागच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. दोन-तीन वर्षं वाट पाहून, लालबागची खोली देऊन टाकून आम्ही नालासोपाऱ्याला आलो. आमच्या इमारतीत निम्मी बिऱ्हाडं अशीच होती. गिरणगाव उठून विरार लाइनीला आलं म्हणतात ते कागदावरचं वाक्य नाही, आमच्या जिन्यावर ते रोज भेटत असे. बाबांना त्यातल्या त्यात लवकर काम मिळालं, कारण वसई पूर्वेला तेव्हा गाळे उभे राहत होते. वालीव, सातिवली, गोखिवरे. पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या छपराखाली दोन-तीन लेथ, एक ड्रिल, एक शेपर आणि दारात भंगाराचा ढीग. कुणी बुश बनवी, कुणी नटबोल्ट, कुणी तारापूरच्या कारखान्यांना लागणारे पंपांचे सुटे भाग. गिरणीतून आलेल्या फिटरला तिथे मान होता. पगार बेताचा होता, पण मान होता.

सकाळी आम्ही दोघं एकाच गाडीने निघायचो. नालासोपारा ते वसई रोड एकच स्टेशन, पण ज्याने नव्वदच्या दशकात सकाळी विरारहून सुटलेल्या गाडीत नालासोपाऱ्याला चढून वसईला उतरायचा प्रयत्न केला आहे त्यालाच त्या एका स्टेशनाचं अंतर ठाऊक. दारातले लोक उतरूच देत नसत. वसईला उतरायचं होतं तर चढलास कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यात माझ्या खांद्याला ड्रॉइंग शीटचा काळा प्लास्टिकचा कंटेनर. गाडीतल्या भजनी मंडळातला एक जण मला रोज विचारी, ‘काय तोफखाना, आज कुणावर?’ उलट दहिसर-बोरिवलीहून येणारी आमच्या वर्गातली मुलं गर्दीच्या उलट दिशेने खिडकीत बसून, केस न विस्कटता यायची. त्यांचा मला फार राग यायचा. वसई रोडला उतरलो की पुलावर आमची फाटाफूट. बाबा पूर्वेला, वालीवच्या टेम्पोत. मी पश्चिमेला, कॉलेजात. वसईचं हे असंच आहे. कामधंदा पटरीच्या एका अंगाला, शाळा-कॉलेजं, चर्च, देवळं आणि वाड्या दुसऱ्या अंगाला.

पहिल्या वर्षी डिप्लोमा म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी, वर्कशॉप आणि ड्रॉइंग. गणित, अप्लाइड मेकॅनिक्स वगैरे असे, त्यात मुलं नापासही होत, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण इंजिनियर होतोय असं वाटायला लावत ती ही दोनच. वर्कशॉपमध्ये पोलादाच्या पट्टीचे दोन तुकडे देत. एकात खाच करायची, दुसऱ्याला तीत बसणारी जीभ. दोन्ही कानशीने घासून असे बसवायचे की उजेडात धरले तर फटीतून उजेड दिसता कामा नये. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी हाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटलेले, आणि पट्टीचा पृष्ठभाग मधे फुगलेला नि कडांना उतरलेला. कानस सपाट चालवणं हे सायकल शिकण्यासारखं आहे, सांगून येत नाही. बाबांनी घरी एकदा माझे हात नुसते बघितले आणि म्हणाले, ‘दाब पुढं जाताना द्यायचा, मागं येताना नाही. आणि कोपर हलवू नको, कमरेतून जा.’ पुस्तकात हे आठ ओळींत दिलेलं होतं. ते मी वाचलंही होतं.

ड्रॉइंग हा मात्र बाबांच्या हद्दीबाहेरचा विषय. एक वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर उतरवायचं. जी कड दिसते तिला सलग रेघ, जी आत दडलेली आहे तिला तुटक रेघ, मध्याला एक लांब एक आखूड. शीट पुरी करायला दोन-तीन रात्री लागत, म्हणून इंजिनियरिंगच्या मुलांनी पिढ्यानपिढ्या जी विद्या जपली आहे ती आमच्याही हातात आली, जीटी. ग्लास ट्रेसिंग. शोकेसची नाहीतर खिडकीची काच काढायची, दोन पाटांवर आडवी ठेवायची, खाली टेबललॅम्प, वर हुशार मुलाची पुरी झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. उजेडात खालच्या रेघा वर उमटतात, पेन्सिल फिरवत जायचं. बाबा एकदा रात्रपाळीहून आले तेव्हा मी आणि शेजारचा मुलगा असे काचेवर ओणवे होतो. बाबा चप्पल काढून बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ते म्हणाले, ‘हे बरंय. गिरणीत साहेब लोक नकाशा द्यायचे, आम्ही सॅम्पल मागायचो. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही रे.’

तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते पुढे, तिसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत, बाबांच्याच गाळ्यात मी कामाला जाऊ लागलो तेव्हा. शेठ गुजराती, स्वभावाने बरा. मला बघून म्हणायचा, ‘आओ इंजिनियर साब.’ बाबांना नुसतं आडनाव. एका दुपारी बोईसरच्या एका कारखान्याकडून एका शाफ्टचं ड्रॉइंग आलं, सॅम्पल नाही. शेठने कागद माझ्यापुढे टाकला. मी वाचू लागलो. एवढा व्यास, इथे खांदा, इथून पुढे आटे, इथे पंचवीस एच सेव्हनच्या भोकात बसणारी पायरी. एच सेव्हन म्हणजे काय ते बाबांनी विचारलं. मी सांगितलं, पंचवीस मिलिमीटरचं भोक पंचवीसपेक्षा बारीक चालणार नाही आणि मोठं झालं तर जास्तीत जास्त एकवीस मायक्रॉनने. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. बाबांनी मान डोलावली, ‘म्हणजे दाबून सरकेल पण डगमगणार नाही, असं.’ अगदी तसंच. आमच्या सरांना हे समजावायला दोन तास लागले होते.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. आटे जिथे खांद्याला भिडत होते तिथे. ‘हे आटे इथपर्यंत कसे पाडणार?’

मी म्हटलं, ‘ड्रॉइंगमध्ये तसंच आहे.’

‘असू दे. टूल बाहेर कुठून काढू? खांद्यावर जाऊन आपटेल की. इथे एक घळ पाहिजे.’

ड्रॉइंगमध्ये ही घळ, म्हणजे अंडरकट, राहून गेली होती. बोईसरच्या कुणा डिझाइन ऑफिसात बसलेल्या माझ्यासारख्याच एखाद्या डिप्लोमावाल्याने किंवा डिग्रीवाल्याने आटे सरळ खांद्यापर्यंत ओढले होते, आणि मी ते तसेच वाचले होते. ज्याला कागद वाचता येत नव्हता त्याला चूक दिसली. अंडरकटचं प्रयोजन सांगा, असा दोन मार्कांचा प्रश्न पुढे परीक्षेत मला आलाही.

यावरून कुणी ‘शेवटी अनुभव हाच खरा गुरू’ वगैरे काढील तर मला ते मान्य नाही. बाबांना तो शाफ्ट त्या दिवशी करता आला तो मी कागद वाचून दाखवला म्हणून. एरवी शेठने काम परत पाठवलं असतं, तशी कितीतरी त्याने आधी पाठवली होती. गाळ्याची चढती कमान अडत होती ती याच जागी. सॅम्पलवर चालणारा गाळा दुसऱ्याने केलेल्या वस्तूची नक्कल करतो, ड्रॉइंग वाचणारा गाळा अजून कुणी न केलेली वस्तू करू शकतो, आणि पैसे या दुसऱ्या गाळ्याला मिळतात.

आपल्याकडे इंजिनियरिंगचं शिक्षण सुरूच मुळी नकाशा देणारा साहेब आणि काम करणारा फिटर यांच्या मधल्या माणसासाठी झालं. १८५४ मध्ये पुण्यात जो इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, ज्याचं पुढे सीओईपी झालं, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी निघाला होता. डिग्री नंतर आली. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, तीही आधी भायखळ्याला, गिरण्यांच्या गराड्यात. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. तिथली एलएमई, एलईई ही लायसेन्शिएटची अक्षरं नावापुढे लावणारे म्हातारे आमच्या लहानपणी अजून होते आणि ते बीईवाल्यांना खिजगणतीत धरत नसत. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच संस्थेत ड्रॉइंग शिकवत. चित्रकार व्हायला ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. इंजिनियरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला गेले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

वसईपर्यंत हे शिक्षण यायला बराच काळ लागला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, सरकारने विनाअनुदानित तांत्रिक कॉलेजांना परवानगी दिली. त्याच सुमारास वसई रोड पश्चिमेला विद्यावर्धिनीचं भाऊसाहेब वर्तक पॉलिटेक्निक निघालं. १९९४ मध्ये त्याच संस्थेचं इंजिनियरिंगचं डिग्री कॉलेज आलं. त्यानंतर विरार, कामण, पालघर अशी कॉलेजं निघत गेली. विनाअनुदानित धोरणाला लोकांनी शिक्षणाचा बाजार म्हटलं आणि ते खोटं नव्हतं. पण वांद्र्याचं सरकारी पॉलिटेक्निक नाहीतर माटुंगा, असे लांबचेच पर्याय ज्या मुलांना होते, त्यांना घराजवळ कॉलेज मिळालं हेही खोटं नाही. आमच्या वर्गात निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांतली मुलं होती, त्यांची घरं पिढ्यानपिढ्या केळी, भाजी आणि फुलं पिकवणारी. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला एक होता, त्याला बोटीच्या इंजिनाबद्दल सरांपेक्षा जास्त कळायचं आणि तो हे सरांना सांगायचाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिचा मुलगा बारावीनंतर तिथल्या मिडलसेक्स कॉलेजात इंजिनियरिंगची असोसिएट डिग्री करू लागला तेव्हा मावशी इकडे सगळ्यांना सांगताना जरा चाचरायची. शेवटी मीच म्हटलं, ‘डिप्लोमाच म्हण ना मावशी.’ ते तिला पटलं. पण तो भाचा सुट्टीत आला आणि आम्ही बोलत बसलो, तेव्हा मला कळलं की ते अगदी डिप्लोमा नव्हे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला १९०१ मध्ये असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं, तेव्हापासून त्यांच्याकडे कम्युनिटी कॉलेजांचं जाळं आहे. त्यात दोन वाटा वेगळ्या केलेल्या असतात. ज्याला पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं आहे तो दोन वर्षं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फिजिक्स पक्कं करतो. ज्याला थेट कामाला लागायचं आहे त्याची असोसिएट डिग्री निराळी, तिच्यात यंत्रं, मोजमाप, वेल्डिंग, कंट्रोल पॅनल. आपण दोन्ही ओझी तीन वर्षांत एकाच पोरावर लादली. त्याने कानसही मारायची आणि डायरेक्ट सेकंड इयरलाही जायचं.

डायरेक्ट सेकंड इयर म्हणजे डिप्लोमाच्या जोरावर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश. आमच्या काळी वर्गातली वरची थोडी मुलं जात. आता डिप्लोमाला येणाऱ्या बहुतेक घरांना तोच रस्ता दिसतो. तिथे गेल्यावर एम-थ्री नावाचा गणिताचा पेपर उभा असतो. बारावीहून आलेल्या मुलांनी अकरावी, बारावी आणि पहिलं वर्ष असं चढत येऊन तो गाठलेला असतो, डिप्लोमावाला मधल्या पायऱ्या न चढता एकदम तिथे टेकतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म त्याला पाठ करावं लागतं. उलट मशीन शॉपच्या प्रॅक्टिकलला हाच मुलगा सगळ्यांचे जॉब करून देतो आणि बदल्यात गणिताच्या नोट्स घेतो. अशी वस्तुविनिमयाची पद्धत मी स्वतः वापरली आहे, ती उत्तम चालते.

पण एवढं करून डिग्री मिळाली तरी ‘बारावीला किती?’ हा प्रश्न आयुष्यभर सुटत नाही. लग्नाच्या बोलण्यात येतो, नोकरीच्या फॉर्मात येतो. एका मुलाखतीत मी ‘डिप्लोमा’ म्हणाल्यावर समोरच्या गृहस्थाने ‘अच्छा, डिप्लोमा’ असं म्हणून पेनाचं टोपण लावलं. ज्यांच्या हाताखाली रस्ते, पूल, पाणीपुरवठ्याचं काम रोज चालतं त्या कनिष्ठ अभियंत्यांपैकी किती जण डिप्लोमावाले असतात, हे एकदा आपल्या महापालिकेत नाहीतर जिल्हा परिषदेत जाऊन विचारावं.

आता माझी भाची डिप्लोमा करते आहे, अर्थात कॉम्प्युटरचा. हल्ली कॉम्प्युटर आधी भरतं, मेकॅनिकल आणि सिव्हिलकडे उरलेसुरले येतात. तिच्या वेळापत्रकात मायक्रोप्रोजेक्ट असतात, छापील लॅब मॅन्युअल असतं, उत्तरांचे नमुने मंडळाच्या वेबसाइटवर असतात. जीटीला काच लागत नाही, दोन कळा दाबल्या की झालं. ‘मामा, तुम्ही खरंच रात्रभर काचेवर बसायचात?’ असं तिने विचारलं तेव्हा मी आवाजात जरा भारदस्तपणा आणून हो म्हटलं. तिला कोडिंग चांगलं येतं, पुढे डिग्री करणार आहे, आणि तिने ती करावीच. वालीवच्या गाळ्यात नव्या डिप्लोमावाल्याला जो पगार देऊ करतात तो ऐकून मीही तिला तिथे जा म्हणणार नाही. शेठ लोक म्हणतात पोरं टिकत नाहीत, पोरं म्हणतात एवढ्यात कोण टिकेल. मला यात पोरांचं म्हणणं बरोबर वाटतं.

तर गाळ्यांत आहे कोण? माझं हल्ली डिझाइनचं काम असल्यामुळे तिकडे जाणं होतं. लेथच्या जागी सीएनसी आले. बाबांच्या जागी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले विशी-तिशीतले ऑपरेटर. हात चलाख, डोकं तेज. प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेला असतो, हे फक्त जॉब लावतात, बटन दाबतात आणि काढतात. माप जरा हललं की सेटरला फोन. त्यातल्या एकाने मला ड्रॉइंगवरच्या तुटक रेघेवर बोट ठेवून विचारलं, ‘सर, ये कटी हुई लाइन क्या होती है?’ मी त्याला तिथेच, कार्टनच्या पुठ्ठ्यावर, समोरून-वरून-बाजूने काढून दाखवलं. दहा मिनिटांत त्याला कळलं. पुढच्या खेपेला त्याने दुसऱ्या ड्रॉइंगवरची चूक दाखवली.

इथे मला बाबांची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं, पालकांना बोलावलं होतं. बाबा आले, प्रोजेक्टकडे त्यांनी सौजन्याने पाहिलं आणि सरळ वर्कशॉपमध्ये गेले. किर्लोस्करच्या लेथपाशी थांबून त्यांनी चकाजवळ बेडवरून नख फिरवलं. बेड झिजतो तो आधी तिथेच. मग वर्कशॉपच्या मास्तरांना म्हणाले, ‘छान ठेवलंय. संध्याकाळी कोण चालवतं?’ मास्तर म्हणाले, संध्याकाळी कोण चालवणार, पाचला कुलूप. बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, ‘आमच्यासारख्यांना सुटल्यावर येता येईल का? फी भरून. नुसतं ड्रॉइंग वाचायला शिकायचंय.’ मास्तर चांगले होते, त्यांनी बाबांना बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, ‘दहावी झालीय का?’ बाबा सातवी. नियम त्या मास्तरांनी केलेला नव्हता. दोघे मग लेथच्या तेलाबद्दल बोलत बसले.

एडिसनच्या भाच्याच्या बोलण्यातलं माझ्या डोक्यात राहिलं ते हे की, त्याच्या संध्याकाळच्या वर्गात पन्नाशीचा एक मेकॅनिक होता. दिवसभर गॅरेजमध्ये काम, रात्री कॅड. वयाची अट नाही, मार्कांची चाळणी नाही, परवडतील तेवढे दोन विषय घ्यायचे आणि घरी जायचं. तिथे सगळं गुण्यागोविंदाने चालतं असं नव्हे. भाचाच म्हणाला, निम्मे लोक अर्ध्यात सोडतात. पण संध्याकाळी दार उघडं असतं. आपल्याकडे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, एआयसीटीईने, अलीकडे नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग चालवायची सोय केली आहे, ती चांगलीच आहे. पण ती ज्याच्या हातात आधीची प्रमाणपत्रं आहेत त्याच्यासाठी. सातवी झालेल्या फिटरसाठी नाही, आणि गाळ्यात बटन दाबणाऱ्या त्या मुलासाठीही नाही.

त्याला डिप्लोमा नकोच आहे. त्याला हवं आहे ते डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातलं थोडकं. तीन बाजूंनी वस्तू पाहणं, तुटक रेघ आणि छेद वाचणं, मायक्रोमीटर धरणं, एच सेव्हन आणि जी सिक्स म्हणजे काय ते कळणं, आणि जमल्यास सीएनसीच्या प्रोग्रॅममधल्या चार ओळी स्वतः बदलता येणं. हे हिंदी-मराठीत तीन महिन्यांत शिकवता येतं. आठवड्यातले दोन दिवस, साडेसात ते साडेनऊ. त्यासाठी मंडळाची मान्यता लागत नाही, स्कीम लागत नाही. लागतं ते वर्कशॉप, आणि ते वसई-विरारच्या प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये आहे. पाचनंतर ते बंद असतं.

तेव्हा माझं म्हणणं पॉलिटेक्निकांच्या विश्वस्तांना आणि वालीव-सातिवलीच्या गाळेमालकांना मिळून आहे. विश्वस्तांनी संध्याकाळी दोन तास दार उघडावं आणि दहावीचा दाखला मागू नये. मालकांनी पोरांना त्या दिवशी अर्धा तास आधी सोडावं आणि निम्मी फी आपल्या खिशातून भरावी, ती पहिल्या वाचलेल्या ड्रॉइंगमध्ये वसूल होईल. वीस जणांची पहिली बॅच जमली तर ड्रॉइंग शिकवायला मी येतो. मानधन नको, फक्त वर्ग साडेसातच्या आत सुरू करू नका. त्या वेळी वसई रोडला उतरायला अजूनही कुणी देत नाही.